गुडघ्यापुढचं टिंब

"काय मागू तुमच्यासाठी देवाकडं?"

भेटल्याबरोबर अक्काचा पहिला प्रश्न हाच. 'जेवलात का?' नाही, 'बरे आहात का?' नाही. उजव्या हाताने कानामागची पेन्सिल काढायची, डाव्या काखेतली वही उघडायची आणि मान जराशी वाकडी करून वाट बघत राहायचं. शिंपी माप घ्यायच्या आधी उभा राहतो ना, तसं. तुम्ही म्हणालात, "काही नको," तर ती म्हणायची, "आसं कसं? काय तरी आसणारच. आज सुचत नसलं तर उद्या सांगा." आणि उद्या ती खरंच यायची.

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, जे आपली विचारपूस करतं आणि मग उत्तर ऐकायला थांबतं. फार नसतात अशी. मला एकच भेटलं, आणि त्याचं मी काय केलं ते सांगायला मी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी बसलो आहे.

त्या वेळी मी विद्यापीठाच्या शहरात मुलींच्या एका वसतिगृहात कारकून होतो. शहराचं नाव घालत नाही, वसतिगृहाचंही नाही. जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे. माझं गाव रामनगर. आजोबा खानापूरकडून आलेले, चार एकर भात. वसतिगृहात जोयड्याच्या, हल्याळच्या, खानापूरच्या मुली असायच्या. त्या मला मामा म्हणत.

अक्का माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पण तिला सगळेच अक्का म्हणत, मीसुद्धा. सुप्याच्या धरणात तिचं गाव गेलं तेव्हा ती नुकती मॅट्रिक झाली होती. त्यांच्या घराला रामनगरात जागा मिळाली, म्हणजे तशी ती आमची गाववालीच. घरात कोंकणी, बाहेर आपली मराठी, बाजारात कन्नड. लग्न केलं नाही. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींमध्ये येशूचं काम करायचं, एवढंच तिने आयुष्यभर केलं. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायची. रविवारी दुपारी तिथे चटई अंथरलेली असे.

त्या चटईवर काय चालतं याबद्दल शहरात बरंच बोललं जाई. मी दोनदा स्वतः गेलो होतो, म्हणून सांगतो. एक गाणं व्हायचं, बेसूर. मग एखादी मुलगी बायबलातला एक उतारा वाचायची. वाचून झालं की अक्का विचारायची, "तुला काय वाटलं?" आणि गप्प बसायची. पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजार माणसांना पुरले, तो उतारा होता एकदा. फिजिक्सची एक मुलगी म्हणाली, "अक्का, हे कसं शक्य आहे?"

"मला न्हाई म्हाईत," अक्का म्हणाली. "पन आपली पेज अकराजणींना पुरती का, ते आता बगू. ऊठ, ताटल्या मांड."

पेज पुरली. उकड्या तांदळाची, सोबत कैरीचं लोणचं. सोळाजणी असत्या तरी पुरली असती, कारण अक्का स्वतः सगळ्यांच्या मागून, भांडं खरवडून जेवायची.

तिला येशू हवा होता आणि सगळ्यांना तो भेटावा असंही तिला वाटे. हे मी झाकणार नाही, तिनेही कधी झाकलं नाही. पण ती म्हणायची, "इचारलं तर सांगीन. न इचारता सांगत बसायला मी काय रेडिओ हाय व्हय?"

आता त्या वहीबद्दल. शंभर पानी, खाकी कव्हर घातलेली. एका ओळीवर एक नाव आणि नावापुढे चार-पाच शब्द. "हॉल तिकीट." "राज्यशास्त्राचा तिसरा पेपर." "बानं दारू सोडावी." "खोलीतली मुलगी घोरते." पहाटे उठून ती एकेका नावावर बोट ठेवून प्रार्थना करायची. मागितलेलं मिळालं की त्यापुढे पेन्सिलीने एक टिंब द्यायची. खोडायची नाही. मी एकदा म्हणालो, "झालं काम, आता काट मारा की." तर म्हणाली, "मानसावर काट मारत्यात व्हय मामा?"

एका मुलीने "फर्स्ट क्लास" असं लिहायला सांगितलं. अक्काने लिहिलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाली, "मी मागते. पन तू पुस्तक उगड बाई. देव पेपर लिवाय येत न्हाई."

दिग्गीची सुगंधा वसतिगृहात आली ती अशीच, कुणाशी बोलायची नाही. गावातून एम.ए.ला आलेली पहिलीच पोर. महिनाभर माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून ती रस्त्याकडे बघायची. अक्काने गाठलं एकदा. वही उघडली.

"काय मागू?"

सुगंधा म्हणाली, "घरची याद कमी व्हावी."

"ती कशापायी कमी व्हावी?" अक्का म्हणाली. "याद ऱ्हाऊ दे. घरी जायची बस मागूया." आणि लिहिलं: सुगंधा, घरी जायची बस. दिवाळीत तिला घेऊन स्वतःच जोयड्यापर्यंत गेली आणि दिग्गीकडच्या जीपमध्ये बसवून परत आली. जाऊन आल्यावर सुगंधा बोलायला लागली. इतकी, की वार्डन मॅडमनी माझ्याकडे तक्रार केली.

माझ्यामागेही ती वही लागलीच. वसतिगृहाचा जिना चढताना माझा उजवा गुडघा धरायचा. अक्काच्या नजरेतून ते सुटणार कसं?

"मामा, गुडघा लिवू का?"

मी ताठ होतो. "अक्का, आमचं घर पिढ्यान् पिढ्या उळवीच्या जत्रेला गाडी जुंपून जातंय. आमच्या गुडघ्याचं उळवीच्या देवाला सांगितलंय."

"बरं झालं की. मीबी सांगते. दोघांनी सांगितलं तर काय बिगडतंय?"

लिहिलं. आणि पुढे प्रत्येक भेटीत, "मामा, गुडघा कसा हाय?"

असं कुणी सहा महिने आपल्या गुडघ्याची चौकशी केली तर आपण दुसरंही काही बोलून जातो. एका दुपारी ऑफिसात कुणी नव्हतं. मी तिला सांगितलं की माझा मुलगा सहा वर्षं माझ्याशी बोललेला नाही. त्याने जिच्याशी लग्न केलं तिला मी उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. रामनगरात आम्ही सांगत होतो की तो नोकरीत फार अडकलाय. खरं मी फक्त अक्काला सांगितलं. तिने वही उघडली. गुडघ्याच्या पुढे दोन शब्द लिहिले: मुलाचा फोन.

चार महिन्यांनी फोन आला. तिच्या मागण्याने आला का, मला माहीत नाही. आला, एवढं खरं. मी अक्काला सांगितलं तेव्हा तिने टिंब दिलं, इतक्या हलक्या हाताने की झोपलेल्या लेकराला तीट लावत असावी.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं.

माझं नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. जत्रेत कुणीतरी सुगंधाच्या चुलत्याला म्हणालं, तुमची पोरगी चर्चवाल्या बाईकडे जाते, नाव बदलून घेतलंय म्हणतात. दोन दिवसांनी चुलता चार माणसं घेऊन वसतिगृहात हजर. संचालक मंडळाच्या अध्यक्षांनी चार वाजता बैठक बोलावली. अक्कालाही निरोप गेला.

अक्का त्या दिवशी सकाळीच तापाने फणफणलेल्या लता नावाच्या मुलीला घेऊन दवाखान्यात गेली होती. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवून गेली. "मामा, संभाळा. दवाखान्याच्या गडबडीत हरवंल."

बाराच्या सुमारास अध्यक्षांचा फोन आला. "त्या बाईंची नावांची एक वही आहे म्हणतात. तुमच्याकडे आहे असं मॅडम सांगतात. चारला घेऊन वर या."

मी वही उघडली. पानं उलटत गेलो आणि मधल्या एका पानावर थांबलो. वरच्या ओळीवर सुगंधा. खाली आणखी मुली. सगळ्यात तळाला: मामा (ऑफिस), उजवा गुडघा. मुलाचा फोन. आणि टिंब.

मी काय विचार केला ते लिहितो, कारण त्यासाठीच बसलो आहे. चुलता रामनगरला येतो-जातो. त्याने हे वाचलं तर आठवड्यात गावभर होईल की मामाही त्या बाईच्या यादीत आहे. आणि मुलाचं लपवून ठेवलेलं बाहेर येईल ते वेगळंच. माझी लाज मला त्या वहीतल्या चाळीसेक मुलींहून मोठी वाटली. मी पंखा मोठा केला, आवाज जाऊ नये म्हणून, आणि ते पान फाडलं. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.

बैठकीत बोलणं कन्नडात चाललं होतं, मी मराठीत देतो.

अध्यक्षांनी वही चाळली. "ही टिंबं कसली? टिंबवाल्या झाल्या का तुमच्या धर्मात?"

"न्हाई सायेब. ज्यांना मागितलेलं मिळालं त्यांच्याफुडं टिंब."

"घोरणं थांबलं म्हणून टिंब?" कुणीतरी म्हणालं आणि दोघे-तिघे हसले. अक्काही हसली. "न्हाई, ते आजून थांबलं न्हाई," म्हणाली. क्षणभर मला वाटलं, हे निभावणार. हसणाऱ्या माणसांनी कधी कुणाला हाकललंय?

मग अध्यक्षांचं बोट वहीच्या मधोमध थांबलं. "हे पान कुठे आहे?"

शिवणीपाशी पानाची फाटकी कड उभी होती. अक्काने वही जवळ घेतली आणि त्या कडेवरून बोट फिरवलं. तिला सगळी पानं तोंडपाठ होती. रोज पहाटे बोट ठेवणाऱ्या माणसाला कळणारच कोणतं पान गेलं. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जिना चढताना बघायची तशीच.

"कुणाची नावं लपवली, बाई?"

"त्या पानावर एका मानसाच्या घरचं दुखनं हुतं," ती म्हणाली. "ते मी सांगनार न्हाई."

"म्हणजे तुम्हीच फाडलं."

ती गप्प राहिली. चुलता उठून उभा राहिला. "बगा! पुरावा फाडून टाकला!"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मामा, तुम्ही रोज बघता. ही वही कसली?"

"मला काही ठाऊक नाही, साहेब," मी म्हणालो. खिशात घडी घातलेला कागद होता. पुढे आलेल्या निवेदनावर सही केली. निवेदनात लिहिलं होतं की सदर बाईने चौकशीआधी वहीतलं पान नष्ट केलं.

आम्ही जिन्यात एकत्र आलो. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "मामा, लताचा ताप उतरलाय. मॅडमला तेवढं सांगा." आणि वही काखेत घालून उतरून गेली.

अक्काला वसतिगृहाचं दार बंद झालं. महिन्याभरात घरमालकाने खोल्या रिकाम्या करायला लावल्या. सुगंधाला चुलता त्याच संध्याकाळी घेऊन गेला. शेवटच्या सत्राची परीक्षा बुडाली. आणि रामनगरात, जोयड्यात, उळवीच्या जत्रेतसुद्धा गोष्ट फिरली: पान फाडून पुरावा लपवणारी बाई. चहाच्या टपरीवर कुणी विचारायचं, "मामा, तुम्ही हुता न्हवं तिथं? खरं हाय व्हय?" आणि मी मान हलवायचो. एकदा नाही. पंधरा वर्षं.

अक्का गणेशगुडीला येऊन राहिली, धरणाच्या भिंतीपासून जवळच. शिवणकाम करायची. विद्यापीठातलं काम संपलं, कारण तिच्या नावाला आता डाग होता आणि तिच्या स्वतःच्या चर्चच्या मंडळींनाही भीती वाटत होती. तरी सकाळी कॉलेजला जाणारी पोरं बसची वाट बघत उभी असत तिथे ती जायची, असं ऐकायचो. कानामागे पेन्सिल.

एकदा मी दांडेलीहून येत होतो. बस गणेशगुडीला थांबली. खिडकीखाली अक्का, छत्री मिटलेली, केस पार पांढरे. मी मान फिरवायच्या आतच तिने बघितलं.

"मामा! गुडघा कसा हाय?"

माझा गुडघा त्या काळात इतका वाईट होता की बसच्या पायऱ्या मला उलटं होऊन उतराव्या लागत. पण त्या बाईला आणखी काही मागायला लावायची मला लाज वाटली. "बरा झाला, अक्का," मी म्हणालो. "एकदम बरा."

तिचा चेहरा असा फुलला की मला खिडकीतून आत सरकावं लागलं. बस सुटली.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला फोन आला. "मामा, मी सुगंधा. अक्का गेली." मी मातीला गेलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. महिन्याने पुन्हा फोन. "मामा, अक्काची वही माझ्याकडं हाय. तुमचं नाव हाय तिच्यात. येऊन बगून जावा."

गेलो. सुगंधा गणेशगुडीतल्या शाळेत शिकवते. अक्काचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं. अंगणात तुळस, दाराच्या वर गणपती, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी ते बघतोय हे तिला कळलं असावं. म्हणाली, "मी हाय तिथंच हाय, मामा. अक्कानं कदी फुडं वडलं न्हाई." मला वाटलं, बघा, अक्का निर्दोष ठरली. घरी आल्यावर कळलं की तेही चूकच. सुगंधा बदलली असती तर तो तिचा प्रश्न होता. मी बोललो ते खोटंच राहिलं असतं.

तिने चहा आणला. परीक्षेचं सांगत होती. बैठकीनंतरच्या पावसाळ्यात अक्का दिग्गीला आली होती. जीप बंद होती, शेवटचा रस्ता चालत. "बा म्हनाला, घरात या म्हननार न्हाई. अक्का म्हनाली, नगा म्हनू, हितंच बरी हाय मी. पन पोरीचा परीक्षेचा फॉर्म भरा. पावसात हुबी. चिखल गुडघ्यापतुर. बानं सही केली, मगच गेली."

मी चहा खाली ठेवला आणि खिशातून पान काढलं. पंधरा वर्षं ते माझ्या पेटीत, सातबाराच्या कागदांखाली होतं. "सुगंधा, हे पान मी फाडलं होतं. अक्काने नाही."

तिने ते घेतलं नाही. आधी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती.

"माजं वर्स गेलं, मामा," ती म्हणाली.

"व्हय."

"आनि तिचं सगळंच गेलं."

"व्हय."

मग हात पुढे केला. घडी उलगडली. वरची ओळ वाचली आणि तिचे ओठ हलले. "सुगंधा, घरी जायची बस." त्याच्यापुढे टिंब होतं. तिने पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्याजवळ सांगून काय उपेग? चुलता आजून जत्रेत सांगत फिरतोय. तुमास्नी लिवता येतंय. लिवा. छापून येऊ द्या."

म्हणून हे. पान मी फाडलं. अक्काला ते ठाऊक होतं आणि ती बोलली नाही. त्या वहीत बाटवलेल्यांची यादी नव्हती. पोरींच्या पोटदुख्या होत्या, पेपर होते, बसगाड्या होत्या. आणि एका कारकुनाचा गुडघा.

निघताना सुगंधाने अक्काची नवी वही दाखवली. तसंच खाकी कव्हर. वसतिगृह सुटल्यावर अक्काने सगळी नावं पहिल्यापासून उतरवून काढली होती. फाटलेल्या पानावरचीसुद्धा, त्याच क्रमाने, तोंडपाठ. माझं नाव तळाशी. माझ्यासाठी काही नवं मागितलेलं नव्हतं. याला क्षमा कर, याला बुद्धी दे, असं काही नाही. मामा (ऑफिस), उजवा गुडघा.

मुलाच्या फोनचं जुनं टिंब होतंच; आता गुडघ्यापुढेही टिंब. ठसठशीत, दाबून दिलेलं. त्या दिवशी बस सुटल्यावर घरी येऊन दिलेलं असणार. मी सांगितलं, आणि तिने मानलं.

सुगंधाच्या टेबलावर खोडरबर होता. मी उचलला आणि ठेवला. अक्काच्या वहीत खोडायची पद्धत नव्हती. फाटकं पान तेवढं त्या ओळीपाशी ठेवलं, वही मिटली, आणि कठड्याला धरून, उलटा होऊन, एकेक पायरी उतरलो.